विश्लेषण : टर्बो बसवला, पण इंजिनाच्या संगणकाला वाढलेला दाब दिसतो का?

हौसेने टर्बो बसवला किंवा कंपनीच्याच टर्बोचा ‘बूस्ट’ वाढवून घेतला आणि काही आठवड्यांत पिस्टन फुटला, की दोष टर्बोच्या माथी मारला जातो. पुष्कळदा खरे कारण अंगठ्याएवढ्या दाब-सेन्सरमध्ये आणि त्याने पाठवलेल्या व्होल्टेजचा अर्थ लावणाऱ्या ईसीयूमध्ये दडलेले असते. मोठ्या क्षमतेचा सेन्सर बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. तो बसवला आहे हे ईसीयूला नीट समजावणे, हे खरे ट्यूनिंग. ते कसे चालते, चुकले तर काय होते आणि कायदा कुठे आडवा येतो?

टर्बो एवढे सर्वत्र का दिसू लागले?

इंजिनाने स्वतःच्या दमाने जेवढी हवा ओढली तेवढ्यावर न थांबता ती दाबून आत भरायची, याला फोर्स्ड इंडक्शन म्हणतात. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून हवा दाबली तर तो टर्बोचार्जर आणि इंजिनाच्या पट्ट्यावर पंप चालवला तर सुपरचार्जर. भारतात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर कर कमी बसतो. त्यामुळे लहान इंजिनातून मोठी ताकद काढण्यासाठी कंपन्याच टर्बोकडे वळल्या. ह्युंदाई व्हेन्यूचेच उदाहरण घ्या. तिचे १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन ८३ पीएस ताकद देते, तर ९९८ सीसीचे टर्बो इंजिन १२० पीएस. हा फरक पाहिल्यावर ‘आणखी थोडा दाब वाढवला तर?’ हा प्रश्न गॅरेजमध्ये निघणारच. शिवाय ज्यांच्या इंजिनाला मुळात टर्बो नव्हता, अशा गाड्यांवर तो बसवणारे हौशीही आहेत. जुनी होंडा सिटी व्हीटेक त्यासाठी आजही शोधली जाते.

हवा किती आली हे ईसीयूला कसे कळते?

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन ठरलेल्या प्रमाणात लागतात. शुद्ध पेट्रोलसाठी ते वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग इंधन असे असते. इंधन किती सोडायचे हे ईसीयूच्या हातात असते. हवा किती आली हे मात्र त्याला शोधून काढावे लागते. काही गाड्यांत हवेचा प्रवाह थेट मोजणारा सेन्सर असतो. बाकीच्या अनेक गाड्यांत ईसीयू हिशेब करतो. इनटेक मॅनिफोल्डमधील दाब, तिथल्या हवेचे तापमान आणि इंजिनाचे फेरे या तीन आकड्यांवरून सिलिंडरमध्ये किती वजनाची हवा शिरली असेल याचा तो अंदाज बांधतो. अकरावीच्या पुस्तकातला वायूंचा नियमच इथे मिलिसेकंदांत सोडवला जातो. या पद्धतीला ‘स्पीड डेन्सिटी’ म्हणतात.

यातील दाबाचा आकडा देणारा तो मॅप सेन्सर. (मॅनिफोल्ड ॲब्सोल्युट प्रेशर या शब्दांची ती आद्याक्षरे. ‘रिमॅप’मधल्या मॅपशी, म्हणजे ईसीयूतील तक्त्यांशी, त्याचा काही संबंध नाही. गॅरेजमधील निम्मा गोंधळ या एका शब्दाने घातला आहे.) सेन्सरमध्ये सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला कायमची निर्वात पोकळी, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधील हवा. दाबाने पडदा वाकतो, त्यावरील रोध बदलतो आणि सेन्सर ० ते ५ व्होल्टच्या दरम्यान काही तरी व्होल्टेज पाठवतो. वायरी तीनच : ५ व्होल्ट, अर्थिंग आणि सिग्नल. ईसीयूला दाब असा दिसतच नाही, दिसते ते फक्त व्होल्टेज. अमुक व्होल्टेज म्हणजे तमुक दाब हे कोष्टक त्याच्या स्मृतीत आधीच भरलेले असते.

दाब वाढला की हिशेब किती बदलतो ते आकड्यांत पाहू. १०० किलोपास्कल दाब आणि २७ अंश तापमान असताना एक लिटर हवेचे वजन १.१६ ग्रॅम भरते. एक लिटरचे इंजिन दोन फेऱ्यांत एवढी हवा घेते असे धरले तर १४.७ च्या प्रमाणाने त्याला ७९ मिलिग्रॅम पेट्रोल लागेल. आता टर्बोने दाब २०० किलोपास्कल केला. दाबलेली हवा तापते. इंटरकूलरने ती ५७ अंशांवर आणली तर वजन होते २.११ ग्रॅम. दाब दुप्पट झाला, हवा मात्र १.८ पट. इंटरकूलर नसेल आणि हवा १२० अंशांवर गेली तर ती जेमतेम दीडपट. पुन्हा बूस्टमध्ये इंजिन थंड ठेवण्यासाठी मिश्रण मुद्दाम घट्ट, म्हणजे १२ च्या आसपास ठेवले जाते. म्हणजे ७९ मिलिग्रॅमच्या जागी १७६ मिलिग्रॅम पेट्रोल. हे सगळे त्या तीन वायरींतील एका वायरीच्या भरवशावर.

मूळ सेन्सर कुठे अडतो?

टर्बो नसलेल्या इंजिनात मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त होऊच शकत नाही. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो. म्हणून अशा गाड्यांत १०५ किलोपास्कलच्या आसपास थांबणारा ‘१ बार’ सेन्सर पुरतो. जनरल मोटर्सचे १, २ आणि ३ बारचे सेन्सर जगभरच्या ट्यूनरमंडळींत जणू प्रमाण मानले जातात. त्यांच्या मर्यादा अनुक्रमे साधारण १०५, २०८ आणि ३१५ किलोपास्कल.

१ बार सेन्सरच्या गाडीवर टर्बो बसवून मुंबईत ०.७ बार बूस्ट दिला, तर आत दाब असतो १७१ आणि ईसीयूला दिसतात १०५. तो १०५ चेच इंधन सोडतो, म्हणजे गरजेच्या सुमारे ६० टक्के. पातळ मिश्रण, जास्त दाब, जास्त उष्णता. पिस्टनला मारण्याची ही सर्वांत सरळ कृती.

एक घोटाळा इथे हमखास होतो. डॅशबोर्डवर लावलेला बूस्टचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त हे दाखवतो. मॅप सेन्सर निर्वातापासून मोजतो. त्यामुळे ‘३ बारचा सेन्सर’ म्हणजे ३ बार बूस्ट नव्हे; तो साधारण २ बार, काट्याच्या भाषेत २९-३० पीएसआयपर्यंतचा बूस्ट दाखवू शकतो. फॉर्म्युला वनमध्ये १९८८ साली टर्बो इंजिनांवर घातलेली २.५ बारची मर्यादाही अशीच निर्वातापासून मोजलेली होती, म्हणजे बूस्ट दीडच बार. मॅकलरेन-होंडाने त्या वर्षी १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या त्या तेवढ्यावर.

सेन्सर बदलला आणि ईसीयूला सांगितलेच नाही तर?

मोठा सेन्सर लावला की ताकद वाढते, असा एक समज आहे. सेन्सर ताकद वाढवत नाही. तो फक्त पूर्वी न दिसणारे दाखवू लागतो. आणि कोष्टक बदलले नसेल तर तो पूर्वी नीट दिसत होते तेही चुकीचे दाखवतो.

२००१ च्या सुमारास अमेरिकेत ब्रुस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी घरी सोल्डर करून बनवता येणारा ‘मेगास्क्वर्ट’ ईसीयू आणला. त्यात एमपीएक्स-४२५० हा २५० किलोपास्कलपर्यंतचा सेन्सर असे. त्याच कुळातला मोठा भाऊ म्हणजे ४०० किलोपास्कलचा एमपीएक्सएच-६४००. दोघांची सूत्रे उत्पादकाने जाहीर केलेली असल्याने अदलाबदलीचा परिणाम कागदावरच काढता येतो. १०० किलोपास्कलला जुना सेन्सर १.८ व्होल्ट देतो, नवा सुमारे १.१७. ईसीयूत कोष्टक जुनेच असेल तर १.१७ व्होल्टचा अर्थ तो ६८ किलोपास्कल असा लावतो. खरा दाब २०० असताना त्याला १२९ दिसतो. म्हणजे इंधन ३५ टक्क्यांनी कमी. १२ चे मिश्रण ठरवले असेल तर प्रत्यक्षात ते साडेअठराच्या पलीकडे जाते. अडचण इंधनावर थांबत नाही. दाब कमी आहे असे वाटल्याने ईसीयू ठिणगीही लवकर टाकतो. जास्त दाबात लवकर ठिणगी म्हणजे नॉकिंगला आवतण : मिश्रण पेटत जाण्याऐवजी उरलेला भाग एकदम भडकतो, दाबाचा हातोडा बसतो, रिंगांमधली पिस्टनची कड तुटते किंवा हेड गॅसकेट जाते.

यात फसवा भाग असा की, गाडी शहरात बरी चालू शकते. ५० किलोपास्कलवर, म्हणजे पाय हलका असताना, ईसीयूला दिसतात ३८. इंधन २४ टक्क्यांनी कमी पडते. पण अशा वेळी सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर ‘मिश्रण पातळ आहे’ असे कळवतो आणि ईसीयू आपल्या मर्यादेत इंधन वाढवून घेतो. डेक्कनपासून हडपसरपर्यंत काही जाणवत नाही. खंडाळ्याच्या घाटात पाय तळापर्यंत गेला की साध्या ऑक्सिजन सेन्सरवरची ही दुरुस्ती बाजूला पडते आणि ईसीयू सरळ तक्त्यावर चालतो. तक्ता तर चुकीच्या आकड्यावर उभा आहे.

मग सगळ्यांनी सरसकट सर्वांत मोठा सेन्सर लावून कोष्टक बदलावे का? तसेही नाही. ५ व्होल्टची फूटपट्टी तेवढीच राहते, तिच्यावर जास्त दाब मावावा म्हणून खुणा जवळ आणाव्या लागतात. २५० च्या सेन्सरमध्ये एका किलोपास्कलला २० मिलिव्होल्ट मिळतात, ४०० च्या सेन्सरमध्ये १२. इंजिन नुसते चालू असताना दाब ३०-४० किलोपास्कल असतो. तिथे एकेक किलोपास्कल महत्त्वाचा, आणि तिथेच मोठा सेन्सर जाडाभरडा पडतो. १८० किलोपास्कलचे लक्ष्य असेल तर २५० चा सेन्सर योग्य. वर थोडी जागा हवीच, कारण दाब लक्ष्याच्या पुढे उसळला तर ते ईसीयूला दिसले पाहिजे.

ईसीयूला फसवण्याची जुनी खोड

आज लॅपटॉप जोडून तक्ते बदलता येतात. नव्वदच्या दशकात ती सोय बहुतेकांना नव्हती. जपानी टर्बो गाड्यांत दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ईसीयू इंधन तोडत असे. इंजिन वाचवण्यासाठी कंपनीने ठेवलेली ती सोय होती. त्यावर बाजारात उतारा आला ‘फ्युएल कट डिफेन्सर’ नावाच्या छोट्या डबीचा. ती सेन्सरचे व्होल्टेज एका पातळीच्या वर जाऊच देत नसे. दाब कितीही वाढो, ईसीयूला तो मर्यादेतच दिसणार. इंधन तुटत नाही, गाडी पळते आणि मर्यादेच्या वरचा सगळा दाब बिनहिशेबी राहतो.

होंडाच्या टर्बो नसलेल्या गाड्यांवर टर्बो बसवणाऱ्या अमेरिकी तरुणांनी याहून साधा मार्ग काढला. या गाड्यांचा ईसीयू बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त दाब दिसला की सेन्सर बिघडला असे समजून दिवा लावतो. म्हणून सेन्सरच्या नळीत एकेरी झडप बसवायची. पोकळी सेन्सरपर्यंत पोहोचते, बूस्ट पोहोचत नाही. वाढीव पेट्रोलसाठी बूस्टच्या प्रमाणात इंधनाचा दाब वाढवणारा रेग्युलेटर लावायचा. कमी बूस्टवर हे जुगाड चालूनही जाई. ठिणगीची वेळ मात्र बूस्ट नसल्यासारखीच राही आणि किती इंजिने त्यापायी गेली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आपल्याकडे हीच खोड डिझेलच्या रूपाने आली. डिझेल गाड्यांसाठी मिळणारे अनेक ‘ट्यूनिंग बॉक्स’ ईसीयूतील काहीही बदलत नाहीत. ते कॉमन रेलच्या दाब-सेन्सरची वायर मध्ये अडवतात आणि रेलमधील दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे ईसीयूला सांगतात. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, त्याच वेळात जास्त डिझेल आत जाते. काही बॉक्स मॅप सेन्सरचाही आकडा बदलतात. डिझेल इंजिन मुळात जादा हवेवर चालते, त्यामुळे ते लगेच मरत नाही. तिथे बिल वेगळ्या नावाने येते : काळा धूर, तापलेली धूरनळी, भरलेला पार्टिक्युलेट फिल्टर, थकलेला क्लच. बॉक्स दोन मिनिटांत काढता येतो, खूण राहत नाही, हे त्याचे विक्रीतले सर्वांत मोठे आकर्षण. विकणारेही ते लपवत नाहीत.

नीट ट्यूनिंग करणारा नेमके काय करतो?

सुरुवात इंजिन बंद ठेवून होते. किल्ली फिरवायची, स्टार्टर मारायचा नाही. अशा वेळी मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, म्हणून सेन्सरने त्या गावच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. मुंबईत १०१ किलोपास्कल, साधारण ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. हवामानानुसार एखाद-दुसरा आकडा इकडेतिकडे. वर सांगितलेली सेन्सरची अदलाबदल झालेली गाडी पुण्यात उभी असेल तर हा आकडा ६५ येतो; तेवढा दाब साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये असतो. फुकटात होणारी ही तपासणी कित्येक ठिकाणी केली जात नाही.

मग कोष्टक. सेन्सरच्या उत्पादकाने दिलेले दोन बिंदू, म्हणजे अमुक दाबाला अमुक व्होल्ट, ईसीयूत भरायचे. त्यानंतर तक्ते वाढवायचे. इंधनाचा आणि ठिणगीच्या वेळेचा असे दोन मुख्य तक्ते असतात. एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला दाब. मूळ तक्ता १०० किलोपास्कलला संपत असेल तर त्यापुढच्या ओळी नव्याने लिहाव्या लागतात. इथे एक बारीक चूक होते. स्पीड डेन्सिटीच्या अनेक ईसीयूंत इंधनाच्या सूत्रात दाबाने गुणाकार असतोच, त्यामुळे तक्ता वाढवला नाही तरी दाबाबरोबर इंधन वाढते. मिश्रण ठीक दिसते, ट्यूनर निश्चिंत होतो. ठिणगीच्या तक्त्यात असा गुणाकार नाही. तिथे ईसीयू शेवटच्या ओळीला चिकटून राहतो आणि १८० किलोपास्कलला १०० ची वेळ वापरतो. पूर्वीचे लोक दर पीएसआय बूस्टमागे ठिणगी अंदाजे एक अंश उशिरा न्यायची, असा ठोकताळा वापरत. तो सुरुवात करायला बरा. पुढची वेळ इंजिन सांगेल तशी ठरते.

इंजिनाचे सांगणे ऐकायला दोन साधने लागतात. पहिले वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. गाडीत बसून येणारा साधा सेन्सर मिश्रण १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढेच ढोबळ सांगतो; ११.५ आणि १३ मधला फरक त्याला कळत नाही आणि बूस्टमध्ये सगळा खेळ तिथेच असतो. दुसरे नॉक ऐकण्याची सोय. साबने १९८२ च्या सुमारास आणलेल्या एपीसी प्रणालीत नॉक सेन्सर आणि दाब-सेन्सर जोडीने काम करत; नॉक ऐकू आला की बूस्टच कमी केला जाई. आजच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतोच, पण कानाला हेडफोन लावून इंजिनच्या ब्लॉकवरचा आवाज ऐकणारे ट्यूनर अजून आहेत आणि ते चूक करत नाहीत.

इंधनाच्या बाजूने आणखी एक हिशेब. इंजेक्टरमागे ३ बार दाब असेल आणि समोर मॅनिफोल्डमध्ये १ बार बूस्ट आला, तर इंजेक्टरला प्रत्यक्षात २ च बारचा जोर मिळतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो. म्हणजे १८ टक्के इंधन कमी. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडून हा फरक भरून काढावा लागतो किंवा ईसीयूला त्याची कल्पना द्यावी लागते. इंजेक्टर ८५ टक्क्यांहून अधिक वेळ उघडे राहू लागले तर ते लहान पडत आहेत असे समजायचे. तिथे तक्त्यात आकडे वाढवून उपयोग नाही, कारण बाहेर पडणारे पेट्रोल वाढत नाही.

शेवटी कुंपण. ठरवलेल्या दाबापेक्षा २० एक किलोपास्कल वर गेला की इंधन तोडणारी मर्यादा नव्या सेन्सरच्या आकड्यांत पुन्हा घालायची. वेस्टगेट अडकला, नळी निसटली, तर हेच कुंपण वाचवते. जुनी मर्यादा आड येते म्हणून ती काढून टाकली जाते आणि नवी घालायची राहून जाते, हा प्रकार सर्रास घडतो. सेन्सरकडे जाणारी रबरी नळीही क्लिप लावून आवळायची. ती बूस्टमध्ये निसटली तर सेन्सर बाहेरची हवा मोजू लागतो. मग ईसीयू किती का महाग असेना.

हे सगळे डायनोवर व्हायला हवे, म्हणजे गाडी रोलरवर बांधून. रात्री रिकाम्या महामार्गावर शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला मित्र हा त्याला पर्याय नाही.

ई-२० पेट्रोलने काय बदलले?

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचे योग्य प्रमाण १४.७ नव्हे, साधारण १३.५ येते. १० टक्क्यांच्या पेट्रोलचे १४.१. म्हणजे ई-१० वर अचूक लावलेला तक्ता ई-२० वर सुमारे ४ टक्के पातळ पडतो. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने नॉकिंगला विरोध वाढतो, ही जमेची बाजू. मात्र पूर्वी काठावर लावून घेतलेल्या आणि इंजेक्टर आधीच पूर्ण वापरणाऱ्या गाड्यांसाठी ४ टक्के लहान आकडा नाही. जुने ट्यूनिंग असेल तर वाइडबँड लावून ते पुन्हा पाहून घेणे भाग आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे की, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या प्रकरणात हे कलम काटेकोरपणे वाचले आणि उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मुभा नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगते. कलम ५२ मध्ये सॉफ्टवेअर हा शब्द नाही. म्हणून ‘रिमॅप चालतो, टर्बो चालत नाही’ असे बिनधास्त सांगितले जाते. पण गाडीला मिळालेली मंजुरी तिच्या उत्सर्जनासह असते आणि उत्सर्जन ईसीयूच्या तक्त्यांवरच ठरते. त्यामुळे सॉफ्टवेअर वेगळे, गाडी वेगळी हा युक्तिवाद फार दूर जात नाही.

पकडले जाण्याची शक्यता कमी असते, हेही खरे. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडी उभ्या-उभ्या तपासली जाते. बूस्टमध्ये ती काय ओकते हे तिथे दिसत नाही. प्रश्न उभा राहतो तो अपघातानंतर किंवा वॉरंटीच्या टेबलावर. ईसीयूतील प्रोग्राम किती वेळा लिहिला गेला याची नोंद अनेक गाड्यांत राहते. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी बाहेर आला, तर वाद अटळ.

हौसेला उघडी जागा आहे ती बंदिस्त ट्रॅकवर. चेन्नईजवळचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे इथे एफएमएससीआयच्या नियमांखाली शर्यती होतात. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींत पुण्या-मुंबईच्या कितीतरी टर्बो गाड्या उतरल्या आहेत.

अशी गाडी सेकंडहँड मिळत असेल तर?

विकणारा बहुधा टर्बोचे नाव, बूस्टचा आकडा आणि डायनोवरचा कागद दाखवतो. विचारायचे ते दुसरेच. मूळ ईसीयूची फाइल जपून ठेवली आहे का? सेन्सरवर छापलेला क्रमांक कोणता आणि ईसीयूत भरलेले कोष्टक त्याच सेन्सरचे आहे का? पूर्ण बूस्टमध्ये वाइडबँडने काय दाखवले, त्याची नोंद आहे का? वायरिंगमध्ये मध्येच एखादी डबी जोडलेली आहे का? ओबीडी पोर्टला लावायचे साधे रीडर आणि फोन जवळ असेल तर इंजिन सुरू करण्यापूर्वी फक्त किल्ली फिरवून मॅनिफोल्डचा दाब वाचायचा. पुण्यात तो ९५ च्या जवळपास नसेल, तर पुढची बोलणी करण्याआधी बॉनेट उघडायला सांगायचे.